मधल्या खोलीतला अठरा चाकी ट्रक

मी आयुष्यात एकच वाहन धड चालवलं आहे. त्याला अठरा चाकं होती आणि ते आमच्या मधल्या खोलीत उभं होतं.

ट्रक तसा माझा नव्हता, आमच्या पल्लवीचा होता. पल्लवी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. तिला पुण्यात नोकरी लागली तेव्हा जाताना तिने लोणचं नेलं, पापड नेले, स्वतःची उशीसुद्धा नेली. पण गेम खेळायचा तो कॉम्प्युटर मात्र माझ्या गळ्यात घालून गेली. "पप्पा, तिथं एका खोलीत आम्ही तिघी. हे धूड ठेवू कुठं? तुम्ही सांभाळा." धूड म्हणजे आतून निळा-जांभळा उजेड मारणारा एक डबा, एक मॉनिटर, टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग आणि टेबलाखाली ब्रेक न् ॲक्सिलरेटर. मी तेव्हा नुकताच परळीच्या थर्मलमधून, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रातून, रिटायर झालो होतो. सुरुवातीला मी त्या डब्यावरची राख पुसायचो, एवढंच. (परळीत राख पुसणं हा रिटायर माणसाला पुरून उरणारा उद्योग आहे. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं!) पुसता पुसता एकदा बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर एक भला मोठा ट्रक येऊन उभा राहिला. मी स्टिअरिंगला हात लावला. ट्रक हलला. त्या दिवसापासून मी वाया गेलो.

खऱ्या गाडीचं आणि माझं कधी जमलंच नव्हतं. तरुणपणी मी ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता. पहिल्याच आठवड्यात क्लासच्या मास्तरांनी मला बसवून चहा पाजला, सगळी फी परत केली आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, तुमी एसटीनंच जात जावा." (त्यांच्या गाडीचं तोंड त्या वेळी एका रसवंतीच्या आत होतं.) मीही मनावर घेतलं आणि पुढची सगळी वर्षं एसटीने गेलो.

त्रास झाला तो माझ्या बायकोला. सुजाता जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. शाळा आडगावात. एसटी आली तर एसटी, नाही तर जीप, आणि जीपमध्ये जागा म्हणजे अर्धी आत, अर्धी बाहेर. तिने कधी तक्रार केली नाही. पण मागच्या उन्हाळ्यात माहेरच्या एका लग्नाला आमची एसटी चुकली. तिचं माहेर दिंद्रुडचं. तिचा धाकटा भाऊ मिलिंद तिथे राहतो. त्याचा स्वतःचा ट्रक आहे, सीझनला माजलगावकडच्या कारखान्यांना ऊस वाहतो. तो बिचारा ट्रक घेऊन आम्हाला न्यायला आला. सुजाता ठेवणीतली साडी नेसून, एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने दांडा धरून त्या केबिनमध्ये चढली. मांडवात उतरली तेव्हा साडीला मागे ग्रीसचा पट्टा होता. सगळ्या बायकांनी तो पाहिला आणि पाहिलाच नाही असं दाखवलं. मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं. माणसाने एवढी वर्षं अख्ख्या मुलखाला वीज पुरवावी आणि स्वतःच्या बायकोला लग्नाला धड नेता येऊ नये!

परतताना मिलिंदने विषय काढलाच.

"दाजी, आता तर रिटायर झालात. एक गाडी घ्या की दारात."

"घेऊ की."

"पर चालवणार कोण?"

"मी!" मी म्हणालो. "रोज चालवतो मी. अठरा चाकी."

मिलिंद इतका हसला की ट्रक रस्त्याच्या कडेला गेला. "ते कॉम्प्युटरवरचं? दाजी, बसल्या जागी कुठं गाडी चालती व्हय?"

"हसतो कावून बे? ट्रॉलीसकट रिव्हर्स घेतो मी!"

हे साफ खोटं होतं. पण आता तोंडातून निघून गेलं होतं. आमच्या दोघांच्या मध्ये बसलेल्या सुजाताने पदर सावरला. मग वर्गात निकाल सांगावा तशी म्हणाली, "ठरलं तर मग. पुढच्या महिन्यात रविवार बघून मिलिंद आपल्याकडं येईल. त्याच्यासमोर तुमी ते ट्रक कुठंबी न धडकवता न्यायचं, आन् गोदामाला रिव्हर्समधी लावून दाखवायचं. जमलं तर गाडी घेऊ आन् तुमीच चालवा. धडकलं, तर ह्या घरात पुन्हा गाडीचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल!" मी म्हणालो. मिलिंदने आनंदाने लांबलचक हॉर्न वाजवला.

घरी येऊन मी रिव्हर्सचा सराव सुरू केला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या ट्रकला मागे लांबच लांब ट्रॉली. ती मागे घ्यायची म्हणजे दोन्ही आरशांत बघत राहावं लागतं. आणि माझ्याकडे स्क्रीन एकच! डावा आरसा बघायला एक बटण, उजवा बघायला दुसरं. मी बटण शोधून आरशापर्यंत पोचेस्तोवर ट्रॉली गोदामाच्या भिंतीतून आत गेलेली असायची. शेवटी पल्लवीला फोन लावला.

"पप्पा, सोपं आहे. अजून दोन मॉनिटर घ्या. समोर काच, डावीकडे डावी खिडकी, उजवीकडे उजवी. खऱ्या केबिनमध्ये बसल्यासारखं वाटतं."

स्टेशनजवळचा एक नेट कॅफे बंद पडला होता, तिथून मी दोन जुने मॉनिटर आणले. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षाने. रिक्षावाला वाटेत दोनदा म्हणाला, "काका, पेशंट बरा हाय नव्हं?"

आता जोडणी. कॉम्प्युटरच्या पाठीमागे मोजून पाहू नये इतकी भोकं होती आणि माझ्या हातातल्या वायरी त्यांपैकी एकातही जात नव्हत्या. पुन्हा बाजारात गेलो, मध्ये बसवायचे तुकडे आणले, ते बसवले, बटण दाबलं. तिन्ही स्क्रीन उजळल्या! पण तिन्हीवर तोच ट्रक, तोच रस्ता, तेच स्टिअरिंग. फोन.

"पप्पा, सगळीकडे एकच चित्र दिसतंय का?"

"एकच कसं? तीन दिसायलेत."

"सारखी आहेत ना पण?"

"एकदम सारखी."

"म्हणजे एकच चित्र."

"अगं तीन आहेत! माझ्या डोळ्यांसमोर आहेत!"

पल्लवीने वाद सोडून दिला. मग म्हणाली, "पप्पा, मी सांगते ती बटणं दाबा, चित्र तिन्ही स्क्रीनमध्ये मिळून पसरेल. नंतर प्रत्येक स्क्रीनवर मोठ्ठा आकडा येईल. एक, दोन, तीन. त्या आकड्यांच्या क्रमाने स्क्रीन मांडा. बस."

बस! एवढंच! आकड्यांच्या क्रमाने मांडणं तर माझ्या रक्तात होतं.

इथे मला माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी कंट्रोल रूममध्ये होतो. आमच्या त्या खोलीचं दार उजव्या हाताला. आत पाऊल टाकलं की आधी लागायचं एक नंबरचं पॅनेल, मग मधे दोन नंबर, आणि पार डावीकडच्या टोकाला तीन नंबर. (आणि त्याच्याही पलीकडे चहाची किटली.) उभ्या हयातीत माझ्यासाठी एक म्हणजे उजवीकडे आणि तीन म्हणजे डावीकडे. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. तेव्हा मी एक नंबरची स्क्रीन उजवीकडे ठेवली, दोन नंबरची मधे आणि तीन नंबरची डावीकडे. पल्लवीने क्रमाने मांडा म्हणून सांगितलं होतं; कुठल्या बाजूने सुरुवात करायची ते ती बोलली नाही आणि मला विचारायची गरज वाटली नाही. वर प्रत्येक मॉनिटरच्या चौकटीवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या: १, २, ३. पॅनेलला नंबर पाहिजेच!

गेम सुरू केला. मधे रस्ता आणि स्टिअरिंग. आणि उजव्या स्क्रीनवर, माझ्या उजव्या हाताशी, ड्रायव्हरचा दरवाजा, ड्रायव्हरची खिडकी, ड्रायव्हरचा आरसा! मी हरखून पल्लवीला पुन्हा फोन केला. "पल्ले, ह्या गेमला बरोबर कळलं गं आपण इंडियातले आहोत! ड्रायव्हर उजवीकडं बसवलाय!"

ती मीटिंगमध्ये होती. "छान पप्पा," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. ट्रक परदेशी होता. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याची खिडकी डाव्या स्क्रीनवर दिसायला हवी होती, आणि मी तिन्ही स्क्रीन उलट्या क्रमाने मांडल्यामुळे डावीकडचं सगळं उजवीकडे आणि उजवीकडचं सगळं डावीकडे दिसत होतं. हे तुम्हाला इतक्या पटकन कळलं. मला मात्र वाटलं की गेमने माझा मान राखला.

तशा खुणा पुष्कळ होत्या, नाही म्हणत नाही. माऊसचा बाण मधल्या स्क्रीनच्या उजव्या कडेतून बाहेर गेला की पार डावीकडच्या टोकातून परत उगवायचा. मी म्हटलं, पृथ्वी गोल आहे. समोरून येणारी कार माझ्या डाव्या अंगाने गेली की क्षणभर गायब व्हायची आणि एकदम उजव्या स्क्रीनच्या शेवटच्या टोकाला दिसायची. मी म्हटलं, शॉर्टकट असेल. माणूस एकदा समजून घ्यायचं ठरवून बसला की काहीही समजून घेतो.

आणि मी शिकलो! रोज सुजाता शाळेला गेली की दुपारभर बसायचो. डावीकडे काय चाललंय हे बघायचं तर मान उजवीकडे वळवायची. उजवीकडचं बघायचं तर मान डावीकडे. सुरुवातीला कितीतरी गोदामं पाडली. पण एका दुपारी ट्रॉली अशी अलगद मागे सरकत गेली आणि जागेवर जाऊन टेकली, की मी खुर्चीतून उठून एकटाच टाळ्या वाजवल्या. त्यानंतर माझा एकही नेम चुकला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या हातालाच काही तरी दोष आहे. तो दोष नव्हताच! मला आनंदाने भरून आलं होतं.

फक्त एक झालं. ती सवय मधल्या खोलीच्या बाहेर आली. रस्त्यात डावीकडून कुणी हाक मारली की मी उजवीकडे बघून "जय भीम" म्हणायचो. सुजाताने डावीकडचा मिठाचा डबा मागितला की मी उजवीकडचा साखरेचा द्यायचो. एका संध्याकाळी वरणाची चव घेतल्यावर तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, तुमची तब्येत बरी हाय नव्हं?"

"एकदम ठणठणीत. का गं?"

"न्हाई, आपलं इचारलं." पण त्या दिवसापासून डबे तिने स्वतःच्या हाताने घ्यायला सुरुवात केली.

ठरलेला रविवार उजाडला. मिलिंद येणार म्हणून मी सकाळीच मटण आणायला निघालो. निघताना कॉम्प्युटरच्या बटणावर आठवणीने लाल कार्ड लटकवलं. हे लाल कार्ड म्हणजे आमच्या थर्मलची शिस्त. मशीनवर माणूस काम करत असला की तिच्या बटणाला लाल कार्ड लावायचं, आणि ज्याने लावलं त्यानेच ते काढायचं. मोठा साहेब आला तरी हात लावत नाही. लग्न झाल्यावर मी ही शिस्त घरात आणली होती. गिझरला लाल कार्ड, मिक्सरला लाल कार्ड. एकदा सुजाताने फ्रिजमधल्या श्रीखंडाच्या डब्याला लावलं होतं आणि मी चार दिवस नुसता फ्रिज उघडून बघत होतो. सांगायचा मुद्दा, आमच्या घरात कार्ड कुणी मोडत नाही. मी निर्धास्त गेलो.

परत आलो तर मिलिंद येऊन दिवाणावर बसला होता, हातात पोह्यांची बशी.

"जय भीम दाजी! काढा तुमची गाडी!"

मी वाजतगाजत लाल कार्ड काढलं. तिन्ही स्क्रीन आरशासारख्या लखलखत होत्या. राखेचा कण नाही! "पुसल्यास वाटतं?" मी म्हणालो. "पाव्हणा येणार, मग काय तसंच ठेवू?" स्वयंपाकघरातून सुजाता म्हणाली. मी तिचे मनापासून आभार मानले. होय, आभार मानले!

गेम सुरू झाला आणि मी थंडगार पडलो. ड्रायव्हरची खिडकी डावीकडे! आरसा डावीकडे! माझा इंडियातला ट्रक रातोरात परदेशी झाला होता. काल कॉम्प्युटरने "अपडेट करू का" म्हणून विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, ते आठवलं. नक्की तेच! पण मेव्हण्यासमोर कबूल कसं करायचं? म्हटलं, एवढा सराव आहे, निभावून नेऊ. गिअर टाकला.

फाटकातून बाहेर पडतानाच कर्र असा आवाज आला.

"दाजी, डावीकडं घासायलंय!"

"बघायलोय की!"

"तुमी उजवीकडं बघायलात!"

"मग डावीकडचं बघायला कुठं बघू?"

मिलिंदने पोह्यांची बशी खाली ठेवली. "काय म्हणलात?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. फाटकाचा खांब गेला होता. ट्रक त्यातून सोडवायला म्हणून मी सवयीने डावीकडच्या स्क्रीनमध्ये उजवी बाजू पाहिली, मोकळी दिसली, आणि स्टिअरिंग उजवीकडे मारलं. ती उजवी बाजू नव्हतीच! उजवीकडे एक बस उभी होती. आता नाही.

"ब्रेक, दाजी, ब्रेक! आरशात बगा!"

"कुठल्या?"

"ज्या बाजूला धडकायलात त्या बाजूच्या!"

"दोन्ही बाजूंना धडकायलोय बे!"

सुजाता हातात उलथणं घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी सिग्नल पाडला, पेट्रोल पंपाची पाटी पाडली, एका चौकात गोल गोल तीन फेऱ्या मारल्या, कारण बाहेर पडायचा रस्ता कुठल्या बाजूला आहे हे माझ्या मानेला एक वाटत होतं आणि हाताला दुसरं. गोदामापर्यंत पोचलो तेव्हा ट्रकला पुढचा दिवा एकही उरला नव्हता. तरी मी रिव्हर्स टाकला. ट्रॉली आडवी झाली, मग तिरपी झाली, मग ट्रकच्या कुशीत येऊन बसली आणि सगळंच लटांबर हळूहळू कुशीवर कलंडलं. स्क्रीनवर आता आभाळ दिसत होतं. तिन्ही स्क्रीनवर.

माझ्या डोळ्यांसमोर दारातली गाडी आली आणि निघून गेली. केवढा वेळ घातला होता मी! केवढा खूश होतो! मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं, ते राहून गेलं ते रागामुळे.

"कुणी तरी ह्याला हात लावलाय!" मी ओरडलो. "लाल कार्ड लावून गेलतो मी!"

"कार्ड बटणावर व्हतं," सुजाता शांतपणे म्हणाली. "बटणाला मी बोट लावलं न्हाई. बगा, डब्यावरची राख बी तशीच हाय." खरंच होतं. सगळं टेबल लखलखीत आणि डब्यावर मात्र राखेचा थर, बटणापाशी कार्डाच्या आकाराची जागा सोडून.

"मग काय केलंस?"

"काय करणार? स्क्रीन उचलून दिवाणावर ठेवल्या, पुसल्या, आन् चिठ्ठ्या बघून परत लावल्या. तुमचं सगळं उलटंच मांडलेलं व्हतं. तीन डावीकडं, एक उजवीकडं! माझ्या वर्गातलं लेकरू बी असं मांडत न्हाई. डावीकडून उजवीकडं, एक, दोन, तीन. नीट लावून दिलं."

"नीट?" मी म्हणालो. "अगं, पण नीट कावून लावलंस?"

सुजाताने उलथण्याने चिठ्ठ्या दाखवल्या. मिलिंद मात्र एकदा स्क्रीनकडे, एकदा चिठ्ठ्यांकडे, एकदा माझ्या मानेकडे बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले. मग पोट हलायला लागलं. मग दिवाण हलायला लागला.

"मंजी दाजी... एवढे दिस तुमी... उजवीकडं बघून डावीकडं वळत व्हतात?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अपडेट वगैरे काही नव्हतं. गेमने मला इंडियातला मानलंच नव्हतं. आज पहिल्यांदा सगळं जिथल्या तिथे होतं, आणि त्यामुळेच मी खड्ड्यात गेलो होतो!

पण मी हार मानली नाही. "मला माझी मांडणी परत द्या. आन् मग बगा."

"देऊ की," मिलिंद डोळे पुसत म्हणाला. "आक्का, दाजीला अजून एक चान्स दे."

स्क्रीन पुन्हा इकडच्या तिकडे झाल्या. मी बसलो. फाटकातून बाहेर, खांबाला न शिवता. बसच्या शेजारून सुरेख. सिग्नलला थांबलो, इंडिकेटर दिला. गोदामापाशी आलो आणि मान उजवीकडे करून डावीकडे, मान डावीकडे करून उजवीकडे, ट्रॉली अशी मागे घेतली की भिंत आणि ट्रॉली यांच्यात पेपर सरकवायलाही जागा उरली नसती. इंजीन बंद केलं. टाळ्यांची वाट बघत मागे वळलो.

मिलिंदचं हसू पार गेलं होतं. भूत बघितल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "गाडी घे. बिनघोर घे. पर दाजीला चालवू देऊ नको."

"अरे, पण धडकलो का मी? एक तरी ओरखडा?" मी म्हणालो.

"तेच तर म्हणायलो. नुसतं येत नसतं तर मी स्वतः शिकवलं असतं. तुमाला लई पक्कं येतंय, पर उलटं येतंय! ते आता कोण काढणार? परळीच्या चौकात तुमी उजवीकडं बघून डावीकडं घातली, तर समोरच्या माणसाला काय सांगायचं, आमच्या घरी स्क्रीन अशाच मांडलेल्या व्हत्या म्हून?"

"मग गाडी घेऊन काय फायदा?" मी म्हणालो. "चालवणार कोण?"

सुजाताने उलथणं मिलिंदच्या हातात दिलं. पदर खोचला. "सरका," ती म्हणाली.

तिने आधी कडेच्या दोन्ही स्क्रीन उचलून पुन्हा तिच्या क्रमाने लावल्या. मग खुर्चीत बसली, एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि गिअर टाकला. मी तोंड उघडून सूचना देणार होतो, पण कुठली बाजू सांगायची तेच मला ठरवता येईना. ती फाटकातून गेली, बसच्या बाजूने गेली, गोदामाशी आली. आणि तो एवढा मोठा ट्रॉलीवाला ट्रक तिने पहिल्याच झटक्यात मागे घेऊन लावला. मग तिने विचारलं, "झालं नव्हं? मटण लागंल खाली."

"अगं... तू... हे कुठं शिकलीस?"

"दाजी, तुमाला म्हाईत न्हाई?" मिलिंद उलथण्याने टेबल ठोकत ओरडला. "तुमचे सासरे, आमचे अण्णा, दुसऱ्याचं ट्रॅक्टर चालवायचे. पाठीमागं ट्रॉली जोडून आक्का उसाच्या फडात रिव्हर्स घालायची! अण्णाला सुदिक तिच्यासारखं जमत नव्हतं!"

मी सुजाताकडे पाहिलं. इतका संसार झाला आणि मला हे ठाऊक नव्हतं!

"बोलली कावून न्हाईस कधी?"

"तुमी कधी इचारलंत?" ती म्हणाली. "मला बघायला आलतात तवा तुमच्या घरच्यांनी इचारलं, सैपाक येतो का, शिवण येतं का. ट्रॅक्टर येतं का, असं कुणी इचारलंच न्हाई." आणि ती मटणाकडे गेली.

मला लाज वाटली, हे खरंच सांगतो. पण त्या लाजेच्या मागोमाग असा आनंद झाला की मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो आणि मिठाचा डबा द्यायला लागलो. तिने तो न बघताच परत ठेवला, कारण तो साखरेचा होता.

लायसन्ससाठी आम्ही माझ्या त्याच जुन्या मास्तरांकडे गेलो. मला दारात बघितल्यावर ते खुर्चीतून उठले आणि आपल्या गाडीच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. शिकणार आहेत त्या मॅडम, हे कळल्यावर त्यांनी आम्हा दोघांनाही चहा पाजला.

आता दारात गाडी आहे. सुजाता गाडीनेच शाळेला जाते, तिनेच आम्ही दिंद्रुडला लग्नांना जातो, आणि साडीला डाग पडत नाही. गाडीची किल्ली हॉलमधल्या खिळ्याला असते. तिला लाल कार्ड लावलेलं आहे. ते सुजाताने लावलं आहे, तेव्हा शिस्तीप्रमाणे तिनेच काढायचं. मी तिथून जाताना नुसता बघतो. प्रवासात मी तिच्या शेजारी, डावीकडच्या सीटवर पट्टा लावून बसतो. परवा एका मांडवात उतरताना मिलिंदने चारचौघांत विचारलंच, "काय दाजी, शेवटी गाडीत तुमची जागा कुठली?"

मी ताठ मानेने सांगितलं, "परदेशात ड्रायव्हर बसतो ना बे, तीच!"